सिंहासनाने गिळलेला शब्द

एका राज्यात मुलांना नावे नव्हती. थोरांना होती, म्हाताऱ्यांना होती, राजाच्या हत्तीला तर तीन होती. पण धैर्यकेतू राजा गादीवर बसला त्या दिवसापासून एकाही मुलाला नाव मिळाले नव्हते. त्यांना "अरे" म्हणत, "अगं" म्हणत, फारच लाडात आले तर "ए, इकडे ये" म्हणत.

त्या राज्याची रीत अशी होती. मूल बोलू लागले की त्याला घराच्या उंबऱ्यावर उभे करायचे. मूल बापाकडे पाहून म्हणे, "बा." बाप म्हणे, "ओ." आणि त्याच श्वासात तो मुलाचे नाव घेई. मग मूल उंबरा ओलांडून बाहेर येई आणि अंगणात त्याची सावली पडे. नाव मिळेपर्यंत सावली नाही आणि उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. हाक मुलाने मारायची, नाव ओ देणाऱ्याने द्यायचे. यात बदल करण्याची मुभा राजालाही नव्हती.

आणि नेमका तो शब्दच राज्यातून नाहीसा झाला होता. लोक ओठ मिटून उघडत, पण आवाज निघत नसे. बाजार राहिला, बाण राहिला, बाभळीही राहिल्या. जो बा आपल्या पायांवर एकटा उभा राहतो तेवढाच गेला. मग चोपदाराच्या "बाअदब"मधला बा कसा गळला, हे मात्र कोणालाच उमगेना. तो बिचारा भर दरबारात "अदब, अदब" ओरडे आणि सरदार मान खाली घालून हसत. मी त्या राज्याचा रहिवासी नाही, म्हणून मला हा शब्द बेधडक घेता येतो.

पंडित शेषधर त्या दरबारचे शब्दाचार्य. त्यांनी उपाय काढला. म्हणाले, मुलांनी "तात" म्हणावे. मुले तात म्हणाली, बापांनी ओ दिली, नावे ठेवली गेली, पेढे वाटले गेले. पण दिवेलागणीला घरातला एकही माणूस ते नाव सांगू शकेना. मग शेषधरांनी "पिताश्री" म्हणवून पाहिले. तीच गत. पेढेवाल्यांचे मात्र बरे चालले होते.

नाव नसलेले मूल दुधाचे दात पडेपर्यंत टिकते आणि मग हवेत विरून जाते, हे त्या राज्यात सर्वांना ठाऊक होते. बिननावाच्या मुलांत सर्वांत थोरली होती ती राजाचीच मुलगी. ती इतकी विरळ झाली होती की मागे समई लावली तर तिच्या परकरातून नव्हे, तिच्यातूनच ज्योत दिसे. एके दिवशी ती राजापुढे येऊन तोंड उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "हा दात हलतो."

राजाने बोट लावून पाहिले. दात हलत होता. राजा उठला आणि तडक टेकडीवरच्या ढवळनाथ मांत्रिकाकडे गेला.

ढवळनाथ म्हणाला, "तुझे सिंहासन मांत्रिकांनी घडवलेले आहे. त्याच्या पायरीवरून जो शब्द खोटा वापरला जाईल, तो ते गिळते. तुझ्या खापरपणजोबाने 'वचन' हा शब्द घालवला होता. तो परत आणता आणता त्याचे केस पिकले. हा शब्द कोणी खोटा वापरला?"

"कोणीतरी असेल," राजा म्हणाला.

ढवळनाथाने त्याच्याकडे पाहिलेही नाही, आणि तेच राजाला जास्त लागले.

"उपाय?"

"इथला शब्द मेला. पण हाच आवाज आणखी तीन मुलखांत नांदतो. तिथे त्याचा अर्थ निराळा आहे, आणि तो तुझ्या शब्दाचा भाऊबंदही नाही. वाळूच्या मुलखातून तो आण, मेलेल्यांच्या मुलखातून आण आणि मिठाच्या मुलखातून आण. तिन्ही आणून त्याच पायरीवर ठेव. तो विकत मिळत नाही. जे खोटे बोलले गेले, ते तिन्ही ठिकाणी खरे करून सांगावे लागेल. आणि सांगणारा तोच हवा, ज्याने..."

"कळले," राजा म्हणाला.

मिठाच्या मुलखाचे नाव निघाले तेव्हाच त्याचे कान तापले होते. ते का, हे आता सांगितले पाहिजे.

धैर्यकेतूला जन्म दिला तो पट्टराणीने नव्हे. पट्टराणीला मूल नव्हते. धैर्यकेतूचा बाप, थोरला राजा, एकदा मिठाच्या मुलखात गेला आणि मिठागरात राबणाऱ्या मोंघी नावाच्या बाईवर त्याचे मन बसले. त्याने तिला आणले खरे, पण चोरून आणले. मूल झाले ते पट्टराणीच्या मांडीवर ठेवले आणि मोंघीला दरबारात दाई म्हणवले. मिठाच्या मुलखात आईला बा म्हणतात. खोलीचे दार लोटले की धैर्यकेतू तिला बा म्हणे, दार उघडले की दाई म्हणे. मुलगा घोड्यावर बसायला शिकला तशी मोंघीला परत पाठवण्यात आले.

पुढे थोरला राजा वारला आणि धैर्यकेतूचा राज्याभिषेक ठरला. दूरदूरचे मांडलिक आले, आणि त्यांच्या मागोमाग एक म्हातारी आली. पायांना भेगा, हाताशी एक बोचके. द्वारपालाने विचारले, "कोण तू?" म्हातारी पायरीवर उभ्या राजाकडे बोट दाखवून म्हणाली, "मी ह्याची बा."

सभा खदखदून हसली. बाई म्हणते मी राजाचा बाप आहे! पंडित शेषधरांना तर उचकी लागली. त्यांना हसू येणे ठीकच, त्यांना काही माहीत नव्हते. राजाला माहीत होते. त्याने म्हातारीला बघताक्षणी ओळखले होते आणि शब्दही ओळखला होता. पण शेजारी मांडलिक उभे होते आणि म्हातारीच्या लुगड्याला मिठाचा वास येत होता. राजा सर्वांबरोबर हसला. म्हणाला, "बा म्हणजे बाप, हेही हिला ठाऊक नाही. वेडी दिसते. जेवू घाला आणि सीमेपार सोडा."

मोंघीने त्याच्याकडे क्षणभर पाहिले. मग द्वारपालाला म्हणाली, "माझीच चूक झाली बाबा. हा तो नव्हे." आणि न जेवता निघून गेली. दुपारी गावातले पहिले मूल उंबऱ्यावर उभे राहिले, ओठ हलले आणि आवाज आला नाही.

इतकी वर्षे राजाला कारण माहीत होते. इतकी वर्षे तो शेषधरांना नवे नवे उपाय करू देत होता. धैर्यकेतू हे नाव ज्याला मिळाले त्याचे धैर्य हे असे.

राजा निघाला तो एकटा. ना लवाजमा, ना छत्र. प्रजा म्हणाली, केवढा हा साधेपणा. साधेपणा कसला. त्याला साक्षीदार नको होते.

वाळूच्या मुलखात पोचला तेव्हा त्याची जीभ टाळूला चिकटली होती. तिथे एका काफिल्याचा तळ पडला होता आणि पखालीपाशी काफिल्याचा म्होरक्या मीर दाराब बसला होता. राजाने पाणी मागितले.

"बा कोण?" दाराबने विचारले.

त्या मुलखात "बा" म्हणजे संगे. वाळूत एकट्याला कोणी "तू कोण" असे विचारत नाही, कारण एकटा माणूस तिथे फार काळ कोणीच राहत नाही. "बा कोण" विचारतात, म्हणजे तू कोणासंगे आहेस? राजाच्या ध्यानात आले की आपला चोपदार जन्मभर "अदबीसंगे या" असे ओरडत होता आणि ते त्यालाही माहीत नव्हते.

राजा म्हणाला, "मी राजा आहे. सैन्यासंगे आहे, प्रजेसंगे आहे."

दाराबने पखालीचे तोंड सोडले. थेंबही पडला नाही. त्या पखालीला माणसे मोजता येत होती.

"माझ्या मुलीसंगे आहे," राजा म्हणाला.

चार थेंब पडले आणि वाळूत जिरले.

"तू कोणाला तरी मागे टाकून आला आहेस," दाराब म्हणाला. "त्या माणसाला मोजल्याशिवाय पाणी येणार नाही."

तहान मोठी की लाज मोठी, याचा राजाने हिशोब केला. शेवटी वाळूकडे बघत म्हणाला, "माझ्या आईला. ती दारात आली होती. मी ओळखले आणि ओळख दिली नाही."

पखालीतून धार लागली. राजा ओंजळीने प्याला आणि त्याला स्वतःची किळस आली, कारण पाणी गोड लागत होते.

दाराबने त्याच्या जिभेवर बोट ठेवले. "घे. तो आमचा आहे. आमच्या पूर्वजांच्या तोंडी हा शब्द लांबलचक होता. वाटेवर चालून चालून झिजला आणि एवढाच उरला. तुमचा कुठून आला ते मला ठाऊक नाही. पण हा वापरायचा असेल तर एकट्याने वापरू नकोस."

मेलेल्यांचा मुलूख काळ्या नदीच्या पलीकडे होता. तिथे माणूस मेला की त्याचे शरीर डोंगरात ठेवत आणि त्याच्यातून एक पक्षी निघे. पक्ष्याचे अंग करकोच्याचे आणि तोंड त्या माणसाचे. त्या पक्ष्याला ते लोक बा म्हणत. दिवसा हे पक्षी उन्हात येऊन बसत आणि सांज झाली की डोंगरात परतत. कुठल्याही राज्यात मेलेला माणूस असो, त्याचा बा तिथेच जाई.

नदीकाठी पक्ष्यांची दाटी होती. सर्वांत पुढे बसलेली एक म्हातारी पक्षीण म्हणाली, "तुझा माणूस यात आहे. शोध. चुकलास तर इथेच बसावे लागेल."

राजा ओळीओळीने फिरला. हजारो तोंडे त्याच्याकडे बघत होती. कोणी कुतूहलाने, कोणी आशेने, आपलेच कोणी आले असेल म्हणून. एका पक्ष्याने मात्र तोंड फिरवले. राजा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाबासाहेब."

थोरल्या राजाने वळून पाहिले. "कशावरून ओळखलेस?"

"मीही असाच उभा राहिलो असतो," राजा म्हणाला.

"काय करून आलास?"

"आपण केलेत तेच. पण आपण दार लावून केलेत, मी दार उघडे ठेवून केले." आणि त्याने सगळे सांगितले. इथे सांगताना त्याला वाळवंटापेक्षा सोपे जाईल असे वाटले होते, कारण समोरचा माणूसही दोषी होता. तसे झाले नाही.

ऐकून झाल्यावर पक्ष्याने पंख आवरले. "मग माझेही ऐक. तुला उंबऱ्यावर उभे केले तो दिवस. पट्टराणी शेजारी, मी समोर, सारा दरबार भोवती, आणि मोंघी दाराआड, दाई म्हणून. तू बा म्हणालास. तू तिच्याकडे बघून म्हणालास. तिची ओ तोंडातून निघणार होती. तेवढ्यात मी ओ दिली. धैर्यकेतू हे नाव मी ठेवले. तिच्या मनात दुसरे होते."

"कोणते?"

"मी विचारले नाही."

मग राजा म्हणाला, "पंडित शेषधर म्हणतात की जगातले सगळे बा आपल्याच शब्दातून निघाले."

"तुझ्या डोंगरांना नावे नव्हती तेव्हापासून या पक्ष्यांना हे नाव आहे," थोरला राजा म्हणाला. "आपला आणि यांचा काही संबंध नाही. घे, हा शब्द ने."

"आपण चला. तिला सांगा."

"मला तिच्यासमोर यायला तोंड नाही," पक्षी म्हणाला. माणसाचे असे त्याच्यापाशी फक्त तोंडच उरले होते, तरी तो तेच म्हणाला. आणि सांज होण्याआधीच डोंगरात शिरला.

मिठाच्या मुलखात जायला राजाला सर्वांत कमी वेळ लागायला हवा होता, कारण तो सर्वांत जवळ होता. पण राजा वाटेत दर झाडाखाली बसला. शेवटी मुलीचा दात आठवला आणि तो धावत सुटला.

मिठागरात पाय ठेवताच लोक जमले. "कोण आपण?" राजाने नाव सांगितले. लोकांनी फावडी टाकली आणि त्याच्याभोवती गर्दी केली. बायकांनी त्याची अलाबला घेतली. "मोंघीचा मुलगा आला," म्हणत एका म्हाताऱ्याने आपला पटका पसरून त्याला बसायला दिले.

"काय लेक आहे," बायका म्हणाल्या. "मोंघी सांगते ना. तुम्ही पायरी उतरून आलात, आईच्या पाया पडलात, सोन्याच्या ताटात जेवू घातलंत. राहा म्हणून रडलात. हिलाच मिठाशिवाय करमेना, म्हणून परत आली. असा लेक सर्वांना मिळो."

राजा पटक्यावर बसला होता. तिथल्या तिथे विरून जावे असे त्याला वाटले. दरबारात सगळे हसले असते, थुंकले असते, तरी चालले असते. हे सोसवेना.

इतक्यात मोंघी आली. हातात फावडे, कोपरापर्यंत पांढरे हात. सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली, "आलास होय दीकरा? यायला उशीर केलास." आणि मिठी मारल्यासारखे करून कानात म्हणाली, "गप्प राहा. माझी इथे पत आहे."

राजाने ढवळनाथाचे बोल आठवले. खरे सांगितल्याशिवाय शब्द नाही. शब्दाशिवाय नाव नाही. आणि खरे सांगितले तर त्याच्या आईने गावाला इतकी वर्षे थाप मारली, हे गावासमोर येणार. एकदा आपली अब्रू राखायला त्याने तिची घालवली होती. आता मुलगी राखायला पुन्हा तिचीच घालवायची.

तो तिच्या पायांशी बसला आणि हळूच म्हणाला, "मला मुलगी आहे. तिला नाव नाही. तिच्यातून समईची ज्योत दिसते आणि तिचा दात हलतो आहे. मी इथे खरे बोललो तरच ती राहते. पण तू नको म्हणालीस तर मी बोलणार नाही. दुसऱ्यांदा तुला न विचारता काही करणार नाही."

मोंघीने फावडे जमिनीत रोवले. तिने गावाकडे पाहिले. ज्यांच्याबरोबर ती रोज मीठ ओढत होती त्या बायकांकडे पाहिले. तिचे तोंड उतरले होते.

"ज्योत दिसते?" तिने विचारले.

"हो."

"मग सांग. मी इथेच उभी राहते."

राजाने उभे राहून सांगितले. हसलो म्हणून सांगितले. वेडी म्हणालो म्हणून सांगितले. शब्दाचा अर्थ ठाऊक असून त्याच्याआड लपलो, हेही सांगितले.

मग पटका पसरणारा म्हातारा म्हणाला, "बसा महाराज. आम्हाला ठाऊक होतं."

मोंघी गर्रकन वळली.

"मोंघी," शेजारची एक बाई म्हणाली, "तू गेलीस ते बोचकं घेऊन, आलीस ती तेच बोचकं घेऊन. गाठसुद्धा सुटली नव्हती. सोन्याच्या ताटात जेवून आलेलं माणूस इतकं भुकेलेलं असतं होय? आम्ही तुला वाढलं तेव्हाच समजलो. तू सांगत गेलीस, आम्ही ऐकत गेलो. तुला बरं वाटत होतं."

मोंघीने पदर तोंडाला लावला. गावातल्या बायका पुढे झाल्या आणि तिच्याभोवती उभ्या राहिल्या. राजाकडे कोणी रागाने पाहिले नाही. त्याला वाटत होते कोणीतरी पाहावे.

शेवटी मोंघीने हात धुतले, पाय धुतले आणि म्हणाली, "चल. दात पडायच्या आत पोचायला हवं."

"आणि शब्द?"

"तो तर लेकरू आपल्या ओठांनीच घेऊन येतं. आधी ओठ मिटतं, मग उघडतं, समोर आई असते. आमच्याकडे तो तसाच झाला म्हणतात. तुला आता येतो. म्हण."

"बा," राजा म्हणाला. आवाज आला. मोंघीने मान हलवली आणि ती पुढे चालू लागली.

वाटेत राजाने विचारले, "मला क्षमा केलीस?"

"पाय उचल," मोंघी म्हणाली.

आणखी थोडे चालल्यावर त्याने विचारले, "माझं नाव तू काय ठेवणार होतीस?"

"आता काय करायचंय ते," ती म्हणाली. पुढे राजाने विचारले नाही.

दरबार भरला. चोपदार "अदब, अदब" ओरडला. सरदार हसले आणि राजाशेजारी लुगड्यातली म्हातारी पाहून थांबले. पंडित शेषधरांना उचकी आठवली असावी, ते सावरून बसले.

राजा त्याच पायरीवर उभा राहिला. "तुम्हांला मी जे ऐकवले होते ते खोटे होते. ही वेडी नाही. ही माझी आई. हिने मला जन्म दिला आणि ती त्या दिवशी बरोबर तेच बोलली होती. मी समजलो होतो. तुम्ही हसलात ते न समजून, मी हसलो ते समजून."

शेषधर उठले. ते राजाचे भले करायला उठले होते, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. ते म्हणाले, "महाराज, यात दोष आपला नाही. तिकडचा शब्द हा आपल्याच शब्दाचा अपभ्रंश. मूळ अर्थ बाप हाच. तेव्हा आपण जे म्हणालात ते शास्त्राला धरूनच..."

"पंडितजी, बसा," राजा म्हणाला. "मी तिन्ही मुलूख फिरून आलो. एक शब्द वाटेवर झिजून झाला, एक पक्ष्याचा आहे, एक तान्ह्या ओठांतून आला. आपला चौथा. चौघांचे एकमेकांशी काही नाते नाही, फक्त आवाज एक आहे. हे शिकण्यासारखे आहे, तुम्ही शिका. मला त्याच्याआड पुन्हा लपवू नका."

मग त्याने पायरीवर ओठ टेकून तिन्ही शब्द एकामागून एक ठेवले. संगे या अर्थी बा. मेलेल्याचा पक्षी या अर्थी बा. आई या अर्थी बा. सिंहासन करकरले आणि त्याने गिळलेला चौथा बाहेर टाकला. चोपदार सवयीने ओरडला, "बाअदब," आणि आपलाच आवाज ऐकून मटकन खाली बसला.

त्या दुपारी राज्यभर उंबऱ्यांवर गर्दी झाली. शेतातले बाप शेतातून धावले, माडीवरचे माडीवरून. हाका ऐकू येत होत्या, ओ ऐकू येत होत्या, आणि अंगणाअंगणांत लहान सावल्या पडत होत्या.

राजवाड्याच्या उंबऱ्यावर राजकन्या उभी राहिली. उंबऱ्याबाहेर एका बाजूला राजा होता, मुकुट घालून. दुसऱ्या बाजूला मोंघी होती. ती खाली बसली होती आणि म्हणत होती, "दाखव बघू कुठला दात." मुलीने दाखवला. मोंघीने बोट लावून पाहिले आणि म्हणाली, "अजून आहे घट्ट. मी तुझ्या बापाची बा."

मुलीने ओठ मिटले आणि मोंघीकडे बघून ती म्हणाली, "बा."

राजाची ओ जिभेच्या टोकावर होती. इतकी वर्षे ती त्याने तिथे ठेवली होती. नावही ठरले होते, भारदस्त, दहा अक्षरी. उघडायचे तेवढे तोंड उघडले असते तर रीतीप्रमाणे हक्क त्याचा झाला असता, कारण नाव ओ देणाऱ्याचे. सरदारांनी त्याच्याकडे पाहिले. राजाने ओठ घट्ट आवळले आणि तो दोन पावले मागे सरला.

मोंघीने वळून त्याच्याकडे पाहिले. तो काही बोलत नाही अशी खात्री करून घेतली.

"ओ," ती म्हणाली. "जेठी."

मिठाच्या मुलखात थोरल्या लेकीला असे म्हणतात. भाटाने वंशावळीत कधी असे नाव गायले नव्हते. त्याने घसा खाकरला आणि गायले. जेठीने उंबरा ओलांडला, अंगणात तिची सावली पडली, आणि तिने ती पायाने पुसता येते का ते पाहिले.

पुढे राज्य नीट चालले. मोंघी राजवाड्यात राहिली ती समोरच्या दालनात, आणि पावसाळा सरला की मिठागरात जाई, कारण तिथल्या बायका वाट बघत. राजाने तिला पुन्हा क्षमेचे विचारले नाही आणि तिने तो विषय काढला नाही.

जेठी रोज तिला हाक मारी. राजाला ती हाक मारत नसे. तिने कोणाला मारावी हे कोणी तिला सांगितले नव्हते, आणि राजाने सांगू दिले नाही. एकदा सकाळी ती अंगणात जायला निघाली आणि दारातून म्हणाली, "बा, माझे जोडे."

राजा तिथेच उभा होता. आई आली असेल म्हणून त्याने मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

"तूच," जेठी म्हणाली.

राजा जमिनीवर बसला आणि तिला जोडे घालू लागला. त्याला नाड्या बांधता येत नव्हत्या, तिने शिकवल्या.

लाज राजाची राजापाशी, शब्द ज्याचा त्याच्यापाशी, आणि गोष्ट तुमच्यापाशी.